बाहेर जाणारी लाईन

वाचून कुणी हसलं तरी चालेल. मी सलोनी, राहणार सांगवी. हे माझ्या सख्ख्या भावाच्या बाबतीत झालंय आणि मी पदरचा एक शब्दही घातलेला नाही.

गेल्या डिसेंबरातली गोष्ट. चाकण एमआयडीसी. दिवेलागणीची वेळ.

क्षितिजदादा तिथल्या एका कंपनीचं नेटवर्क सांभाळायचा. कंपनीला तीन वेगवेगळ्या प्रोव्हायडरच्या इंटरनेट लाईन होत्या. बाहेर जाणारा ट्रॅफिक, म्हणजे इथून निघणारा डेटा आणि आवाज, त्यातल्या कुठल्या लाईनने काढायचा, हे बीजीपी राउटिंग नावाच्या सेटिंगमध्ये ठरवून द्यायचं काम दादाचं. तो सांगायचा, "आपलं बोलणं एका लाईनने जातं, समोरच्याचं दुसरीने येतं. कुणाला पत्ताही लागत नाही."

तिसरी लाईन नवी होती.

ती ओढताना गणराज नावाचा मुलगा गेटसमोरच्या खांबावर शॉक लागून गेला.

शिफ्ट संपेपर्यंत कंपनीने वीज बंद करू दिली नाही. तो तसाच वर लटकत राहिला... आणि खिशातला मोबाईल वाजत राहिला.

आई फोन करत होती त्याची.

उरलेली केबल दुसऱ्या माणसाने जोडली. मग एका संध्याकाळी दादाने बाहेर जाणारा सगळा ट्रॅफिक त्या नव्या लाईनवर वळवला. येणारा जुन्याच लाईनवर ठेवला.

ऑफिसचे फोनही इंटरनेटवरच चालायचे. थोड्या वेळाने दादाच्या टेबलावरचा फोन वाजला.

"गणराजला द्या की जरा. बोलता बोलता कट झाला."

तळेगावच्या कौशल्याबाई. गणराजची आई.

"मावशी, इथून कुणी फोन नाही केला."

"ह्योच नंबर हाय. म्हणला, आई, मला खाली घे. लई वारं हाय."

दादाने ट्रॅफिक परत जुन्या लाईनवर घेतला. पण स्क्रीनवर सगळं नव्या लाईननेच जाताना दिसत होतं. शेवटी त्याने सर्व्हर रूममध्ये जाऊन तिची केबलच उपटली.

लगेच फोन.

"आवाज गेला त्याचा. काय केलं? परत लावा ना."

"मावशी, गणराज गेलाय. तुम्हाला माहितीये."

त्यांनी फोन ठेवला नाही.

"त्याला बोलू दिलं न्हाईस," त्या म्हणाल्या. "आता तू बोल."

घरी निघताना दादाने स्वतःच्या मोबाईलवरून आमच्या आईला फोन केला. आईने उचलला...

नुसता वारा. खूप उंचावर असतो तसा.

आईचं बोलणं दादाला ऐकू येत होतं. दादाचं आईला नाही.

फोन बदलला. सिम बदललं. मेसेज पोचायचे, आवाज कधीच नाही. कुणालाही लावला तरी वाराच.

शेवटी दादाने आम्हाला सगळं सांगितलं. आई आणि मी तळेगावला गेलो. कौशल्याबाईंनी पाणी दिलं, समोर बसल्या. आईने दादाला मेसेज केला, 'फोन लाव.'

आईच्या मोबाईलमधून वारा ऐकू यायला लागला. आणि त्याच वेळी कौशल्याबाईंच्या मांडीवरचा मोबाईल वाजला. त्यांनी स्पीकर लावला...

"हॅलो आई, पोचलात का?"

दादाचा आवाज.

"बोल रं बाळा," कौशल्याबाई म्हणाल्या.

आईने त्यांचे पाय धरले. "माझं पोरगं मला परत द्या हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तुमाला दुसरं लेकरू हाय की."

जानेवारीत एका संध्याकाळी दादाचा फोन आला. आई कुकर लावत होती. वारा ऐकला आणि सवयीनं म्हणाली, "ऐकू येत नाही रे. मेसेज कर."

परत आला. आईने परत ठेवला.

दादा तेव्हा चाकण-तळेगाव रस्त्याच्या कडेला पडला होता. कंटेनरने उडवलं होतं. मेसेज टाईप करण्याइतकी बोटं चालत नव्हती, आईचा नंबर तेवढा कसाबसा लागत होता.

शेवटचं त्याने ऐकलं ते आईचं, "कर रे मेसेज, मला काम आहे."

"आई आई करत व्हता," कौशल्याबाईंनी नंतर सांगितलं. "शेवटपर्यंत ऐकत व्हते मी."

"मग कुणाला सांगितलं का नाही?" मी विचारलं.

"माझ्याला तरी कुणी खाली घेतलं?"

दादाचं सिम आमच्या कपाटात आहे. तरी दिवेलागणीला कौशल्याबाईंचा फोन वाजतो. दादाच्याच नंबरवरून.

आई रोज तळेगावला जाते. कौशल्याबाई कधी तिला आत घेतात. कधी दार लावून घेतात.

काल मी तिला आणायला गेले. दार बंद होतं. आई पायरीवर बसली होती, दाराला कान लावून.

"आई, चल घरी."

तिने माझा हात झिडकारला.

"गप्प बस. तो बोलतोय."

मीही कान लावला...

आत कौशल्याबाई कुणाला तरी जेवलास का विचारत होत्या. मग थांबल्या. बराच वेळ थांबल्या.

मला काहीच ऐकू आलं नाही.

आई मात्र मान डोलवत होती.