सहावा बेपत्ता

रेडिओवर दुपारच्या बातम्या दोनला लागत. पावणेदोनला निवेदिका संपादकांकडून कागद आणायला निघाली, तर स्टुडिओबाहेरच्या फरशीवर पुन्हा पाणी. सलग पाचवा दिवस! तिचं डोकंच फिरलं.

"अहो, पुसा ना ते! कुणीतरी आपटेल."

"चार वेळा पुसलं मॅडम," शिपाई वैतागून म्हणाला. "वर नळ नाही, पाइप नाही. कुठून येतं देव जाणे."

कुठून येतं ते तिला दिसत होतं. बाकावर पाच माणसं बसली होती, नखशिखांत भिजलेली. एक म्हातारे गृहस्थ, एक जोडपं, गणवेशातली शाळकरी मुलगी आणि लाँच चालवणारा. शिपाई त्यांच्या पायांमधून फडकं फिरवत होता आणि त्याला त्यातलं कुणीच दिसत नव्हतं. पहिल्या दिवशी तिची बोबडी वळली होती. आता भीतीपेक्षा चीडच जास्त यायची. मागणं रोज एकच, आणि तेवढंही तिच्या हातात नव्हतं.

"बाई, तेवढा एक शब्द बदला ना," म्हातारे गृहस्थ हळूच म्हणाले. "तुम्ही रोज बेपत्ता म्हणता... घरचे रोज ताट वाढून थांबतात. ते थांबलेत तोवर आम्हाला निघता येत नाही हो..."

नऊ दिवसांपूर्वी धरणाच्या पाण्यात लाँच उलटली होती. सहा जण सापडले नव्हते, आणि सहावा तिचा धाकटा भाऊ होता. दाराच्या चौकटीला डोकं आपटेल इतका उंच, तरी घरात सगळ्यांचा छोटूच. बातम्यांचा नियम कडक होता, सहीशिक्क्याचं पत्र आल्याशिवाय कुणाला 'मृत' म्हणायचं नाही. घरी आई त्या 'बेपत्ता'वरच दिवस काढत होती. आणि बाकावर पाचच जण आहेत, या एका गोष्टीवर ती स्वतः.

"सहावा... आला नाही ना अजून?" तिने रोजच्यासारखं विचारलं. एरवी कुणी उत्तर देत नसे. आज मुलगी बोलली.

"तो दादा आमच्यात नाही. त्याला पलीकडच्या काठावर काढलं कुणीतरी. मी पाहिलं."

तिचा जीव भांड्यात पडला. ती धावतच संपादकांच्या खोलीत शिरली.

"पत्र आलंय," त्यांनी मान वर न करता कागद पुढे केला. "शोध थांबवला. सहाही मृत."

"साहेब, पाच म्हणू या. छोटू जिवंत आहे."

"कुणी सांगितलं?"

आता काय सांगणार, कपाळ! तिने कागद परत त्यांच्यापुढे सरकवला.

"तुमचं दुःख कळतं मला. पण कालपर्यंत तो शब्द बदला म्हणून माझं डोकं खात होतात. आज बदलला, तर तेही नको!"

"मग दुसऱ्या कुणाला तरी वाचू द्या."

"दहा मिनिटांत कुणाला आणू? पत्रात सहा आहे, सहा वाचा."

रडावं की टेबल उलथून टाकावं, तिला कळेना. कुणी ऐकायलाच तयार नाही म्हणजे काय! ठीक आहे, ती मनाशी म्हणाली, माइक माझ्यासमोर आहे. पाच म्हणेन. नोकरी गेली खड्ड्यात.

लाल दिवा लागला. तिने वाचायला सुरुवात केली. अकरा वर्षं तिने एकच केलं होतं, डोळ्यांपुढचा कागद जसाच्या तसा बोलायचा.

"...बेपत्ता असलेल्या सहाही प्रवाशांना मृत घोषित करण्यात आलं आहे."

आपण काय बोललो ते तिला बोलून झाल्यावर कळलं. "पाच," ती ओरडली, "पाच प्रवासी!" पण काचेपलीकडच्या तंत्रज्ञाने हवामानाची ध्वनिफीत केव्हाच सुरू केली होती. तिने काचेवर मुठी आपटल्या. तो फक्त खांदे उडवत राहिला.

ती बाहेर आली. फरशी कोरडी होती. ते पाचही जण गेले होते.

बाकाच्या टोकाला छोटू बसला होता. कपडे कोरडे. दंडाला स्वच्छ पट्टी, हातात बसचं तिकीट, आजच्या तारखेचं.

"छोटू... कधी आलास?"

"कुठे आलोय अजून," तो गोंधळून म्हणाला. "आज सकाळीच शुद्धीवर आलो. तोवर मी कोण, ते तिथे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हटलं फोन नको, थेट घरीच जावं, आईला आनंद होईल... घराजवळच्या तिठ्यापर्यंत पोचलो होतो गं ताई. बसमध्ये तुझ्याच बातम्या लागल्या होत्या."

ती त्याच्याकडे धावली.

"आता बस थांबवलीय," तो म्हणाला. "सगळे मला हलवून उठवतायत... मी उठतच नाहीये."