लाल टॅगवरचं 'लोड्स ऑफ'

शिरूरच्या इंग्रजी क्लासमध्ये त्या रविवारी एकच खुर्ची रिकामी होती... त्याच्या शेजारची.

"तुम्ही क्वालिटीच्या दीक्षा मॅडम ना? मी सम्राट, दौंडचा. तुमच्याच कंपनीत स्टोअरला हाय."

मी दचकलेच. रांजणगावच्या कंपनीतल्या एवढ्या गर्दीत यानं मला कवा हेरलं?

सरांनी फळ्यावर लिहिलं — लोड्स ऑफ, हीप्स ऑफ, अम्प्टीन. पुष्कळ म्हणायचं, पण किती ते सांगायचं नाही.

"म्हंजी आपलं मायंदाळ," तो कुजबुजला.

मला हसू आवरेना. माझ्या कामात असलं काही चालत नाही. खराब मालाला लाल टॅग बांधायचा. त्यावर नेमके नग, नेमका दोष, खाली सही.

मग कंपनीच्या बसमध्ये रोज नजर भिडू लागली. ऊन पाण्यावर टेकावं तशी... आणि लगेच निसटावी. जुन्या टॅगांच्या पाठीवर तो क्लासची वाक्यं गिरवायचा. बोलायचा मात्र नाही.

मंगळवारी सकाळच्या मीटिंगला साहेब लालबुंद होऊन आले. हातात टॅग.

"चांगल्या मालाच्या क्रेटला हा कुणी बांधला? गाडी तासभर अडली!" टॅग उलटून ते मोठ्यानं वाचू लागले, "आय हॅव लोड्स ऑफ थिंग्ज टु टेल दीक्षा. अम्प्टीन टाइम्स आय ट्राइड..."

तीस माना माझ्याकडे वळल्या.

सम्राट पुढं आला. चेहरा पांढराफटक. "चुकून बांधला, साहेब. मॅडमचा काय बी संबंध न्हाई."

"गाडीचं मी बघून घेईन. पण पोरीचं नाव आलंय. मॅडम, तुमची तक्रार असेल तर हा आत्ता घरी जाईल. आहे तक्रार?"

तो कॉन्ट्रॅक्टवरचा. माझ्या एका शब्दावर त्याची नोकरी.

"आहे, साहेब."

सगळे गार! सम्राटनं मान खाली घातली.

"यांनी हे टॅगला का सांगितलं? मला का नाही?"

...हे मी बोलले? मी? कुणीतरी शिट्टी मारली. साहेबांचं तोंड उघडं ते उघडंच.

"जा... कामाला लागा सगळे," एवढंच ते कसंबसं म्हणाले.

संध्याकाळी बसमध्ये मी त्याच्या शेजारी जाऊन बसले. "हं, सांग आता."

आयुष्यात पहिल्यांदा त्याला 'अरे-तुरे' केलं होतं. तो नुसता बघत राहिला. शिरूर आलं तरी एक शब्द फुटेना! मी पाण्याची बाटली पुढं केली. त्यानं दोन घोट घेतले, बाटली परत दिली —

मी बाटलीसकट त्याची बोटंही धरून ठेवली.