चुंबळीवरची घागर

गोजाबाईंची घागर चोरीला गेल्याचा फोन शनिवारी सकाळी आला. उपनिरीक्षक दीप्ती दोंदे पोचली तोवर शहापूरच्या त्या छोट्या संग्रहालयाच्या दारात दोन घोळके उभे होते. एकमेकांकडे पाठ करून.

संग्रहालय म्हणजे भाताच्या जुन्या गोदामातल्या दोन खोल्या. तालुक्यातले स्वयंसेवक सुट्टीच्या दिवशी येऊन ते उभं करत होते. रविवारी उद्घाटन होतं.

घागर आतल्या खोलीत, फळीवर, कापड गुंडाळून केलेल्या गोल चुंबळीवर ठेवलेली असायची. साठेक वर्षांपूर्वी गोजाबाईंची आई गावच्या मोठ्या विहिरीवर पाणी भरायला गेली होती. नवबौद्धांनी तिथं भरायचं नाही, असा गावाचा हुकूम होता. कोणीतरी धोंडा मारला. घागरीला खोल पोचा पडला. आईनं ती तशीच जन्मभर वापरली. खालच्या पाटीवर एवढंच लिहिलं होतं. नाव कोणाचंच नव्हतं.

त्याच गावचा कमळाकर हाही स्वयंसेवक होता. घरचा नांगर आणि भात मोजायची मापं त्यानंच दिली होती. गुरुवारच्या बैठकीत त्यानं सगळ्यांसमोर सांगितलं होतं की, ही पाटी काढा, नाहीतर मी काढीन.

आता खिडकीची जाळी फाटलेली होती आणि घागर नव्हती.

दीप्तीनं आधी कमळाकरला बोलावलं.

"काल रात्री कुठं होतात?"

"घरी. बायकोला विचारा. पण तुमी विचारणार नाय, मॅडम."

"का?"

"तुमचं आडनाव वाचलंय मी. तुमी त्यांच्यातल्याच."

दीप्तीनं मान वर केली नाही. "घागर नेलीत?"

"नाय. गेली ते बरं झालं, एवढं मात्र म्हणतो. हवं तर लिहून घ्या."

तिनं लिहून घेतलं.

मग रूपेश आला. वाशिंदला कारखान्यात नोकरी करणारा, स्वयंसेवकांचा चिटणीस. घागर द्यायला गोजाबाईंचं मन त्यानंच वळवलं होतं. कमळाकरला अजून मोकळं का सोडलंय, असं त्यानं तीनदा विचारलं.

"आतल्या खोलीची किल्ली कोणाकडे असते?" दीप्तीनं विचारलं.

"माझ्याकडे. फरशीचं काम चालू होतं, म्हणून आठवडाभर कोणाला आत सोडलं नाय."

"तिथल्या फळीवरच्या समया, तांबे एवढे लखलखीत कसे?"

"उद्घाटनासाठी मुरबाडला अनंता तांबटाकडे दिले होते. काल आणून मांडले."

"घागर?"

"ती दिली नव्हती. हलवलीच नाय. काल कुलूप लावताना चुंबळीवरच होती."

दीप्ती एकटीच आतल्या खोलीत गेली. जाळीच्या तुटलेल्या तारा तिनं बोटानं चाचपल्या. सगळी टोकं बाहेरच्या बाजूला वाकलेली होती. मग ती फळीपाशी आली. फरशी कापल्याची पांढरी भुकटी सगळीकडे पसरली होती. समयांच्या बुडाखालीही होती. चुंबळीवर ती पिठासारखी अलगद बसली होती, मधल्या खळग्यातसुद्धा.

ती बाहेर आली आणि थेट जीपमध्ये बसली. मागून कोणीतरी म्हणालं, पोलीस पळाले.

अनंता तांबटाचं दुकान मुरबाडच्या बाजारात होतं. तिथं ती थोडाच वेळ थांबली. परतताना वाशिंदला रूपेशच्या घरी गेली. त्याच्या आईनं दार उघडलं, आणि दीप्तीनं विचारल्यावर तिनं गुमान माळ्याकडे बोट केलं.

दुपार उतरली तेव्हा सगळे संग्रहालयाच्या बाहेरच्या खोलीत जमले होते. गोजाबाई एकट्याच खुर्चीवर बसल्या होत्या. दीप्तीनं कापडात गुंडाळलेली वस्तू टेबलावर ठेवली.

"घागर काल रात्री चोरीला गेलीच नाही," ती म्हणाली. "जाळी बाहेरून फाडली असती तर तारा आत वाकल्या असत्या. त्या बाहेर वाकल्यात. म्हणजे जाळी आतून कापली, आणि आत जायची किल्ली एकाकडेच होती."

रूपेश म्हणाला की किल्ली कोणीही चोरून नेऊ शकतं.

"नेऊ शकतं. पण तू सांगितलंस, घागर हलवलीच नव्हती. तसं असतं तर चुंबळीचा खळगा स्वच्छ राहिला असता. तिथं भुकटी बसलीय, आणि त्या भुकटीवर काही टेकल्याची खूण नाही. फरशी कापली तेव्हा घागर तिथं नव्हती, आणि नंतर ती तिथं परत आलीच नाही. काल कुलूप लावताना तू रिकामी चुंबळ पाहिलीस."

दीप्तीनं कापडाच्या गाठीला हात घातला.

"समयांबरोबर घागरही मुरबाडला गेली होती. फक्त उजळायला. अनंतानं पोचा पाहिला आणि ठोकून सरळ करून दिला. त्याचे वेगळे पैसेही त्यानं घेतले नाहीत. त्याला वाटलं, तुमच्यावर उपकार केले."

तिनं कापड सोडलं. घागर सोन्यासारखी चमकत होती. पोचा कुठंच नव्हता.

रूपेश खाली बसला. गोजाआजीला काय तोंड दाखवू, हेच कळेना, असं तो पुटपुटला. कमळाकरनं धमकी दिलेलीच होती. लोकांना दुसरं कोणी सुचणारच नव्हतं.

त्याच्या बाजूच्या घोळक्यातून एक बाई दीप्तीकडे बघत म्हणाली, "आपलीच पोरगी, आणि आपल्याच पोराला सगळ्यांदेखत उघडं पाडते." दीप्तीला ते लागलं. तिनं ते चेहऱ्यावर येऊ दिलं नाही. खोट्या तक्रारीचा जबाब उद्या ठाण्यात येऊन दे, एवढंच तिनं रूपेशला सांगितलं.

गोजाबाई उठल्या. पोच्याची जागा त्यांना डोळे मिटूनही सापडली असती. त्यांनी तिथं तळवा फिरवला.

"सांगायचं होतंस रे," त्या म्हणाल्या. "मी रडले असते, झालं. पण तू दुसऱ्याला चोर केलंस. आईच्या घागरीवरून."

कमळाकर पुढे आला. आपली माफी कोणी मागायला हवी, हे त्यानं विचारलं नाही. "आता पोचाच नाय," तो म्हणाला. "मग पाटी कशाला? काढा ती."

त्याच्या घोळक्यात एकजण हसला.

गोजाबाईंनी घागरीवरचा हात काढला नाही. "मी तवा आईच्या मागंच चालत होते, कमळाकर. सात वर्षांची. कोणी मारला ते मी बघितलं. आई म्हणाली, नाव घेऊ नको, याच गावात रहायचंय. म्हणून आजवर नाय घेतलं."

"कोणाचं नाव?"

"तुझ्या आज्याचं. धाऊ पाटलाचं."

कमळाकर काहीतरी बोलायला गेला. त्याच्या बाजूला एक म्हातारा उभा होता, त्याच गावचा. कमळाकरनं त्याच्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं मान खाली घातली आणि ती वर केली नाही.

कमळाकर निघून गेला.

रूपेशनं नवी पाटी लिहायला पेन उचललं. "तू नको," गोजाबाई म्हणाल्या आणि दीप्तीकडे वळल्या. "बाय, तू लिही."

रविवारी उद्घाटन झालं. कमळाकरच्या घरून कोणी आलं नाही. चकचकीत घागरीखाली नवी पाटी होती. पाणी कोणी भरलं, धोंडा कोणी मारला आणि पोचा कोणामुळे गेला, हे तिच्यावर नावांसकट लिहिलेलं होतं.