खोडलेल्या नावाची हजेरी

सकाळचं स्तोत्र म्हटल्याशिवाय मी तोंडात पाण्याचा थेंब घेत नाही. त्याच तोंडाने हे सांगतेय. पटलं नाही तर सोडून द्या, पण खोटं म्हणू नका.

१८ ऑगस्ट १८८९. दुपारचे चार. पोमेरेनिया प्रांतातली मामांची हवेली, मागचं अंगण.

माझे मामा, जनरल एवाल्ड फॉन रेटको. अकराव्या वर्षी लष्करी शाळेत गेले, तीन युद्धं केली. फ्रान्सच्या युद्धानंतर कर्नलचे जनरल झाले. आता छातीत पाणी झालं होतं. त्यांचं सगळं मीच करायचे.

दरवर्षी या दिवशी, फ्रान्सच्या युद्धातल्या मोठ्या लढाईच्या तारखेला, त्यांच्या रेजिमेंटमधले गावचे म्हातारे शिपाई जमायचे. बिअर, ईल माशाचं कालवण आणि मग हजेरी. मामा लढाईच्या दिवसाची यादी वाचायचे. असलेला "हजर" म्हणायचा. मेलेल्याच्या नावाला हवालदार टेस्के म्हणायचे, "पडला."

एकच नाव मामा वाचत नसत. लाल शाईने खोडलेलं.

गॉटलीब मांटाय. पळपुटा.

चर्चमध्ये पडलेल्यांच्या नावांची पाटी आहे. तिच्यावर गॉटलीब नाही. म्हणून त्याची आई सगळ्यात मागच्या बाकावर बसायची.

त्या खोडलेल्या ओळीशी आले, की मामा क्षणभर थांबायचे...

आणि झाडांमागून कुणीतरी म्हणायचं, "हजर."

हळू. कोवळा आवाज.

मी मामांकडे आले त्या पहिल्या वर्षी मला वाटलं, कुणीतरी थट्टा केली. पण म्हातारे पुढच्या नावाची वाट बघत होते. मामा मात्र यादी सोडून झाडांकडे बघत होते.

सात वर्षं हे असंच. फक्त आम्हा दोघांना ऐकू यायचं.

१८८९ च्या त्या सकाळी पाद्रीबुवा मरणाआधी देतात तो शेवटचा प्रसाद घेऊन आले. मामांनी तोंड फिरवलं.

"टिली, त्यांना परत पाठव. गॉटलीबला मीच मागे धाडलं होतं, काडतुसं आणायला. तोंडी हुकूम. तो वाटेतच पडला असणार. संध्याकाळी हजेरीला तो नव्हता, आणि हुकूम मी साफ विसरलो होतो. आठवलं तोवर पळपुटा म्हणून कागद वर गेला होता."

"मग तेव्हाच सांगायचं ना, मामा."

"सांगितलं असतं तर जनरल कोण झालं असतं?"

मी त्यांचे पाय दाबत राहिले. मग म्हटलं, "आज त्याचं नाव घ्या. सगळ्यांसमोर. मग प्रसाद घ्या. मी त्याच्या आईला, मांटायआजींना बोलावते."

आजी आल्या. टोकाला बसल्या. कुणी सरकून जागा दिली नाही.

"टेस्के, तुझ्या पोटाला दरवर्षी बढती मिळते बघ," कुणीतरी म्हणालं.

"तुझ्या अकलेला मिळाली नाही ना, तिचीच राहिलेली माझ्या पोटाला आली," टेस्के म्हणाले. सगळे हसले.

हजेरी सुरू झाली. हजर. पडला. पडला. हजर.

मामा खुर्चीचा हात धरून उठले.

"गॉटलीब मांटाय. माझ्या हुकुमाने मागे गेला होता. पळाला नव्हता. चूक माझी."

टेस्केंचा पेला हवेतच राहिला.

मी झाडांकडे कान लावले...

काहीच नाही.

"गॉटलीब मांटाय," मामा पुन्हा म्हणाले.

दुपारभर बिअरभोवती घोंगावणाऱ्या गांधीलमाश्यासुद्धा गप्प झाल्या होत्या.

टेस्केंनी "पडला" म्हणायला तोंड उघडलं. मामांनी हात वर केला. "थांब. त्याला बोलू दे."

आम्ही थांबलो...

शेवटी आजी उठल्या. "साहेब, तो नाही बोलायचा. पुढचं नाव घ्या."

मामांनी पुढचं नाव घेतलं नाही.

एकेक जण टोपी हातात घेऊन निघून गेला. मामा खुर्चीत बसून राहिले, मान झाडांकडे. मी पाद्रीबुवांना निरोप धाडला. ते प्रसाद घेऊन पोचले तेव्हा मामांचे हात गार पडले होते.

डोळे उघडेच होते. कान दिल्यासारखा चेहरा.

नाताळाआधी पाटीवर गॉटलीबचं नाव कोरलं. हजेरी आता टेस्के घेतात. त्या नावाला झाडांमागून काही येत नाही.

तो सुटला म्हणून गप्प झाला... की त्याने मामांना माफच केलं नाही?

रोज स्तोत्रानंतर हेच विचारते. मग झाडांकडे कान लावते. पाणी प्यायचं राहून जातं.