छपरावरचा चटईएवढा बर्फ

माझ्या दिराची एक सवय माझ्या डोक्यात जाते. घराबद्दल तक्रार केली, की हा माणूस विचारतो, "वहिनी, जेवलात का?"

हे घर त्यानेच बांधलं. कोरियातल्या होंगचनच्या थंडीत वरच्या खोलीत तापल्या जमिनीने तळपाय भाजायचे, नाक मात्र बधिर. आज सकाळी सून हे-सुक बाळाला पाठीशी बांधून म्हणाली, "आई, आज खोली उबदार झाली नाही, तर मी वसंतापर्यंत माहेरी जाते."

नातू जाणार म्हटल्यावर खोचायला पदर नव्हता, म्हणून मी बाह्या वर केल्या.

आधी नवऱ्याला धरलं.

"रात्री बॉयलर बंद करता?"

"तुझ्या धाकाने मी कूससुद्धा बदलत नाही. बॉयलर कुठला बंद करतोय!"

मग दिराला बोलावलं.

"भावजी, छपरात ऊब धरून ठेवणारं ग्लासवूल भरलंय?"

"नियमाप्रमाणे, वीतभर जाड. भिंतीत असतं त्याहून जास्त. तपासायला आलेल्या साहेबांनी छताच्या झडपेतून डोकं घालून पट्टीने मोजलं."

"सगळीकडे?"

"वहिनी, जेवलात का?"

मी चिडून अंगणात गेले. रात्री बर्फ पडला होता. आमचं छप्पर मात्र ओलं, काळं. फक्त मधोमध चटईएवढा पांढरा तुकडा. समोर दिराच्या नव्या गेस्ट हाउसचं छप्पर अखंड पांढरं.

"हे-सुक, त्या तुकड्याखाली काय येतं?"

"जिन्यावरची झडप, आई."

"आणि तुझी खोली?"

"पार टोकाला."

मी नवऱ्याला बॅटरी देऊन झडपेतून आत घातलं. म्हातारा कुरकुरत रांगत गेला. आतून ओरडला, "अगं, इथून पुढे नुसत्या फळ्या आहेत!"

दीर बुटांकडे बघायला लागला.

"ऊब वर निसटली की बर्फ वितळतो," मी म्हणाले. "थर असेल तिथे टिकतो. आमच्याकडे टिकला तो झडपेभोवती. साहेबांचं डोकं पोचेल तेवढंच तुम्ही भरलंत. बाकीचं कुठे गेलं? समोर पाहुणे घाम पुसताहेत आणि छपरावरच्या बर्फाचा एक कण हललेला नाही."

"वहिनी, माल कमी पडला. पाहुणे यायचे होते. वसंतात भरणारच होतो..."

"वसंतात काय करायचीय ऊब, लोणचं घालू? तिकडचा माल काढून इथे टोकापर्यंत भरा. तोवर हे-सुक आणि बाळ तुमच्या खोलीत झोपतील. तुमची गादी मी वरच्या खोलीत टाकलीय, भावजी."