वकिलाचा वाडगा

मामांनी आधीच स्पष्ट केलं: दवाखान्यात ते नव्हते आणि त्या पहाटे घड्याळजीच्या घरीही नव्हते. डोळ्यांनी पाहिलेलं काही नाही. घड्याळजी त्यांचा मित्र, त्याच्याकडून ऐकलं तेवढंच. मात्र मित्र असा, की मिनिटाची चूक त्याला खपत नसे. भाचरं सरकून जवळ बसली.

घड्याळजीचा एक कुत्रा होता. प्रत्येक गोष्टीला हरकत घ्यायचा, म्हणून त्याचं नाव वकील. वय अकरा. त्याची दाढ सडली होती आणि ती काढायला पूर्ण भूल द्यावी लागणार होती. रात्री दहानंतर पोटात अन्नाचा कणही जाता कामा नये, असं डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. घड्याळजीच्या मुलीने त्यासाठी रजा काढली आणि वाडगा धुऊन रिकामा ठेवला.

पहाटे चार पन्नासला वकिलाने तोच वाडगा नाकाने ढकलत घड्याळजीच्या खाटेपर्यंत आणला. खर्र... खर्र... म्हाताऱ्याचा जीव कळवळला. एवढ्याशाने काय होतंय, असं स्वतःलाच समजावत त्याने पुड्यातून बिस्किटं काढून दिली.

नऊ वाजता दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "काही खाल्लं नाही ना?"

"कणही नाही. बाबांचा लाडोबा आहे, पण काल बाबांनाही दम दिलाय."

घड्याळजी हसला. त्याने मान डोलावली.

बाहेर बाकावर बसल्यावर मुलीने सहज सांगितलं, की भुलीत गिळण्याचं भान राहत नाही. पोटातलं वर आलं तर ते थेट फुप्फुसात उतरतं, म्हणून उपाशी ठेवतात. घड्याळजी ताडकन उठला. त्याने दार ठोठावलं. मदतनीस बाईने फटीतून पाहिलं.

"झोपला तो, आजोबा. काही सांगायचं होतं?"

तिच्या खांद्यामागे पांढरा दिवा. नळी. वकिलाची लोंबती जीभ.

"...नाही."

अकराच्या आत सगळं आटोपलं. वकील पुन्हा उठलाच नाही. डॉक्टरीणबाईंनी आडपडदा ठेवला नाही. कितीही काळजी घेतली तरी भुलीत धोका उरतोच आणि वयाबरोबर तो वाढतो, असं त्या म्हणाल्या. पण पोटातून काहीतरी वर आलं होतं. मुलीने एकदाच बापाकडे पाहिलं. संध्याकाळी परसात तिने वकिलाबरोबर त्याचा वाडगाही पुरला आणि वर दगड ठेवला.

चौथी रात्र. शुक्रवार उजाडायचा होता. चार पन्नास.

खर्र...

घड्याळजी जागाच होता. आवाज स्वयंपाकघरातून आला. थांबला. पुन्हा आला. जवळून. त्याने पांघरूण छातीपर्यंत ओढलं.

खर्र...

खाटेपाशी. थांबला.

"वकील... मी सांगायला हवं होतं रे..."

...

उजाडल्यावर मुलगी चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. खाटेजवळ वाडगा होता, कडेला ओली माती. ती परसात धावली. दगड जागच्या जागी. माती घट्ट. ती परत आली, तरी बाप वाडग्याकडेच पाहत बसला होता. आत बिस्किटं होती. कोरडी.

मामा थांबले. भाची म्हणाली, "मुलीनेच ठेवली असतील, मामा. बापाने कबूल करावं म्हणून."

"मलाही तसंच वाटलं होतं." मामा म्हणाले. "पण वाडग्यात बिस्किटं अडीच होती. वकिलाला भरवलं त्या पहाटे तिसऱ्यातलं अर्धं घड्याळजीने स्वतः खाल्लं होतं. हे त्याने तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं."