बेस वाजवणारी आणि न भांडणारा

त्या दुकानात मी शिरले ती भांडणाच्या तयारीनेच. आधीच्या दोन दुकानांत ‘भावासाठी घेताय का?’ हा प्रश्न मी ऐकून घेतला होता. तिसऱ्यांदा तो ऐकून घेण्याची माझी मुळीच इच्छा नव्हती. संध्याकाळी सहाला एका वाद्यवृंदाची निवडचाचणी होती. उमेदवाराने स्वतःचे वाद्य आणावे, अशी अट होती. आणि मी तर पाच वर्षे उसन्या बेस गिटारवरच सराव करत आले होते.

दुकानदार तिशीतला, बाह्या दुमडलेला. मी भिंतीवरच्या एका वापरलेल्या, तपकिरी बेसकडे बोट दाखवले. त्याने ती उतरवली, पुसली, सुरात लावली, पट्टा माझ्या उंचीला बेतून दिला... आणि चक्क माझ्याकडे पाठ करून तो भिंतीकडे तोंड करून बसला.

“गिऱ्हाइकाकडे पाठ फिरवायची पद्धत आहे वाटतं इथे?”

“हो,” तो न वळता म्हणाला. “कुणी बघत असलं की माणूस बघणाऱ्यासाठी वाजवतो. वाद्य तुम्हाला घ्यायचंय.”

उत्तर रास्त होते, म्हणूनच ते मला अधिक झोंबले. मी तावातावाने वाजवू लागले.

“तिसऱ्या तारेवर सातव्या पडद्यापुढे जात नाही आहात तुम्ही,” थोड्या वेळाने भिंतीकडूनच आवाज आला.

“तिथे चुकतं माझं. बोट बसत नाही.”

“बोट बसतंय. हिची मान वाकलीये, तार पडद्यांना घासते. दोष तुमचा नाही.” आता कुठे तो वळला. “ही मी आज विकणार नाही. मानेतला लोखंडी गज पिळून, मान सरळ होईपर्यंत रात्रभर ठेवावी लागेल.”

“विकणार नाही? मला सहाला चाचणीला उभं राहायचंय. मग दुकान कशाला थाटलंय, प्रदर्शनाला?”

“भांडता छान.”

“मुद्दा टाळू नका.”

त्याने तो टाळला नाही. आत जाऊन तो एक काळी पेटी घेऊन आला. “ही माझी बेस. घेऊन जा.”

“ओळखता तरी का मला?”

“वाजवणं ऐकलं की... आणखी काय ओळखायचं?”

माझा तो सगळा राग कुठे ठेवावा, हेच मला कळेना.

साडेसहाला मी परत आले.

“इतक्यात?” त्याने विचारले.

“पेटी उघडूसुद्धा दिली नाही. दारातले गृहस्थ म्हणाले, ताई, बेसला दणकट माणूस लागतो, तुम्ही गाणाऱ्यांच्या रांगेत उभ्या राहा.” हे हसत सांगायचे मी वाटेतच ठरवले होते, पण हसू काही आले नाही.

त्याने हातातला पाना खाली ठेवला. दुपारपासून इतका शांत असलेला तो माणूस कानांपर्यंत लाल झाला.

“न ऐकताच?”

“तुम्ही का चिडताय? तुमची बेस सुखरूप आहे.”

“बेस गेली खड्ड्यात.” त्याने शटर ओढले. “चला. मी भांडतो त्यांच्याशी.”

“येतं तुम्हाला?”

“नाही... पण आज भांडतो.”

प्रत्यक्षात चाचणीच्या दारात त्याची वाचाच बसली. “हे बरोबर नाही... हे बरोबर नाही,” एवढेच तो पुन्हापुन्हा म्हणत राहिला, मात्र दारातून तसूभर हलला नाही. मागे उमेदवार खोळंबले. अखेरीस आतून कुणीतरी वैतागून म्हणाले, “अहो, वाजवू द्या तिला, आणि दार मोकळं करा.”

मी वाजवले. अगदी शेवटच्या पडद्यापर्यंत, एकही तार न चुकवता. परीक्षकांनी एकमेकांकडे पाहिले. “उद्यापासून तालमीला या.”

जिना उतरताना मी त्याला विचारले, “सगळ्या गिऱ्हाइकांसाठी असं दार अडवता?”

“नाही.”

“मग?”

दोन पायऱ्या उतरून तो थांबला. “गिऱ्हाइकावर... जीव जडत नाही माझा. तुमच्यावर जडलाय.”

“आणि हे आत्ता सांगताय?”

“आपली ओळख तीन तासांची आहे.”

“म्हणून काय झालं,” मी रागाने म्हणाले, आणि त्याचा हात घट्ट धरला.